सायकलस्वारासाठी रस्ता सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कुणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण सायकलस्वारांना तक्रारी लिहून देतो, माहिती अधिकाराचे अर्ज भरून देतो. जूनमध्ये पाऊस लागला की तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. ती महाराष्ट्रापुरती आहेत आणि कायद्याची स्थिती २०२५ अखेरची धरली आहे. अपघात गंभीर असेल तर हे वाचून थांबू नका, वकिलाला भेटा.

१. रस्ता सायकलसाठी सुरक्षित ठेवणं सरकारवर खरंच बंधनकारक आहे, की ती आपली नुसती अपेक्षा?

बंधनकारक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची अनिवार्य कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणं, त्यांची देखभाल करणं आणि दिवाबत्ती ही त्यातलीच. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा लागू आहे, तिथे हेच कलम ६१ मध्ये येतं. हे कर्तव्य रस्त्याबाबतचं आहे, मोटारींबाबतचं नाही. ज्याला त्या रस्त्याने जायची मुभा आहे, त्या प्रत्येकासाठी तो धड असला पाहिजे.

२०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका न्यायमूर्तींच्याच पत्रावरून खड्ड्यांचा विषय स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला. सुस्थितीतला रस्ता मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने त्याच याचिकेत स्पष्ट सांगितलं आणि २०१८ च्या निकालात ते कायम ठेवलं.

एक फरक मात्र मनात पक्का ठेवा. आहे तो रस्ता नीट राखणं हे कर्तव्य आहे. सायकलसाठी वेगळा ट्रॅक बांधणं हा धोरणाचा भाग आहे (प्रश्न १० पाहा). तक्रारीत दोन्ही एकत्र लिहिलं की अधिकारी धोरणाबद्दल बोलत बसतात आणि कर्तव्याचा मुद्दा बाजूला पडतो.

२. आमच्या भागातला रस्ता नेमका कुणाचा? प्रत्येक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे किंवा नगरपरिषदेचे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. शिवाय एमएसआरडीसी, एमएमआरडीए, सिडको, एमआयडीसी आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड आहेतच. खरी गुंतागुंत शहरातून जाणाऱ्या महामार्गांवर होते. पुण्यातला कात्रज–देहूरोड बायपास महामार्ग प्राधिकरणाचा, पण त्याला मिळणारे रस्ते महापालिकेचे. जिथे दोन्ही जुळतात तिथलाच तुकडा कुणी बुजवत नाही.

यावरचा खात्रीचा उपाय माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज करा आणि 'अमुक चौक ते अमुक चौक हा रस्ता कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहे' एवढंच विचारा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्यांची आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर मिळायला हवं, आणि ते एकदा हातात आलं की टोलवाटोलवी संपते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून त्यात गाऱ्हाणं लिहू नका.

३. खड्ड्याची तक्रार करून खरंच काही उपयोग होतो का?

खड्डा बुजो न बुजो, तक्रार करा. कारण अपघात झाल्यावर पहिला मुद्दा हाच निघतो, की हा धोका यंत्रणेला माहीत होता का. तुमच्या तक्रारीच्या क्रमांकावर ती तारीख नोंदलेली असते. 'आमच्या निदर्शनास आलं नव्हतं' हे उत्तर त्यानंतर देता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत दुरुस्त करायला सांगितलं आहे, त्या ४८ तासांची मोजणीही तुमच्या तक्रारीपासून सुरू होते.

मुंबईत १९१६ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकांवर तक्रार घेतात. महापालिकांची ॲप आहेत. पण नुसत्या ॲपवर विसंबू नका. 'निराकरण झाले' असा शेरा मारून तक्रार बंद होते आणि खड्डा तिथेच असतो, हे आम्ही वारंवार पाहतो. त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयात किंवा वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या.

फोटोबद्दल थोडं सांगतो, कारण नव्वद टक्के फोटो निकामी असतात. वरून काढलेल्या फोटोत खड्डा डागासारखा दिसतो. सायकलचा पंप खड्ड्यात उभा धरा आणि गुडघ्यावर बसून बाजूने फोटो काढा, म्हणजे खोली कळते. दुसरा फोटो लांबून, त्यात दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक यायला हवा. खड्डा बुजवल्यावरही लोक जागा विसरतात, खांबाचा क्रमांक मात्र कागदावर राहतो.

४. खड्ड्यात चाक जाऊन मी पडले, हात मोडला. कुठल्याही गाडीने धडक दिलेली नाही. मग भरपाई कोण देणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि सायकलस्वारांवर सगळ्यात जास्त अन्यायही इथेच होत आला आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करायचा तर अपघातात मोटार वाहन असावं लागतं. सायकल मोटार वाहन नाही. त्यामुळे सायकलस्वार एकटाच खड्ड्यात पडला, तर नुकसानभरपाईचा हा सरावाचा मार्ग त्याला बंद असतो. उरायचा तो दिवाणी दावा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने यात मोठा बदल झाला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमीला दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असं उच्च न्यायालयाने सांगितलं. रक्कम ठरवायला समिती नेमली. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि तेच सचिव. भरपाई आधी यंत्रणेने द्यायची आणि मग जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची. यात मोटार वाहनाची अट नाही. तुमचा अर्ज या समितीकडे जाईल.

अर्जाची एक प्रत आयुक्तांच्या आवक विभागात आणि दुसरी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात द्या. प्राधिकरणाकडे जायला संकोचू नका. महिला, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ही रक्कम घेतली म्हणून इतर कायदेशीर मार्ग बंद होत नाहीत. दिवाणी दाव्याच्या मुदती प्रश्न १६ मध्ये दिल्या आहेत.

५. पडल्यावर पहिल्या दिवशी काय काय करून ठेवायचं?

आधी दवाखाना. तिथे केसपेपरवर अपघाताचं कारण लिहिलं जातं. 'सायकलवरून पडून' एवढंच लिहिलं तर पुढे सगळं जड जातं. 'अमुक ठिकाणी रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक जाऊन पडल्याने' असं लिहून घ्या आणि डॉक्टरांना एमएलसी नोंद (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला सांगा. ज्याने उचललं, त्याचा फोन नंबर घ्या. कुणाला तरी तासाभरात जागेवर पाठवून प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे फोटो काढून घ्या, कारण अपघाताची बातमी लागली की रातोरात खडी पडते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची मागणी करा. मोडकी सायकल दुरुस्तीला टाकण्यापूर्वी तिचेही फोटो काढा. वाकलेली रिम पुष्कळ काही सांगते.

६. गाडीने धडक दिली तर? आणि गाडी पळून गेली तर?

गाडी सापडली तर न्यायाधिकरणात दावा करता येतो, आणि सायकलच्या नुकसानीची मागणीही त्यातच करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ती घटनाबाह्य आहे का, याचा वाद सर्वोच्च न्यायालयात सुरू आहे, त्यामुळे उशीर झाला असला तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका. गाडी पळून गेली तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात करायचा. मे २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडरहित उपचार मिळण्याचीही योजना आहे, आणि धडक बसलेला सायकलस्वार तिच्यात येतो.

धडक गाडीची असली तरी रस्त्याचा दोष विसरू नका. खड्डा चुकवायला सायकल उजवीकडे घेतली आणि मागून गाडी आली, अशा अपघातांत पोलिसांच्या कागदावर खड्डा येतच नाही. जबाबात तो सांगा.

७. रस्ता बांधणाऱ्यांना आता एक लाखाचा दंड होतो म्हणे. ते पैसे जखमीला मिळतात का?

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो. साध्या फ्रॅक्चरला हे कलम लागत नाही.

तरीही हे कलम मोलाचं आहे, कारण न्यायालयाने काय पाहायचं ते त्यात लिहून ठेवलं आहे. रस्त्यावर कोणत्या प्रकारची रहदारी अपेक्षित होती, देखभालीचे निकष काय होते, धोका यंत्रणेला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता का, आणि दुरुस्ती शक्य नव्हती तर इशाऱ्याचा फलक तरी लावला होता का. तक्रार लिहिताना याच क्रमाने लिहा. 'या रस्त्यावर रोज शाळेची मुलं आणि दूधवाले सायकलवरून जातात' हे वाक्य म्हणूनच महत्त्वाचं. सायकली तिथे अपेक्षितच नव्हत्या, हा बचाव त्याने कोसळतो.

८. 'निधी नाही' असं उत्तर मिळालं. मग?

रतलाम नगरपालिकेने हेच सांगितलं होतं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पैसा नाही म्हणून वैधानिक कर्तव्य टाळता येत नाही, असं न्यायालयाने ठणकावलं. तो खटला गटारांचा आणि अस्वच्छतेचा होता, पण तत्त्व कर्तव्याचं आहे. त्या वेळी वापरलेलं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे त्याखाली अर्ज करता येतो. उघडं चेंबर किंवा रस्त्यातला चर यासाठी हा मार्ग फार थोडे लोक वापरतात. वापरायला हवा.

९. खड्डा नव्हता. पावसाळी गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं. यात चूक माझीच धरतात.

तुमची चूक नाही. लोखंडी जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने लांब असतील, तर सायकलचं बारीक चाक थेट आत उतरतं. तीच जाळी काटकोनात फिरवून बसवली तर चाक वरून निघून जातं. मोटारीला दोन्ही सारखंच, म्हणून बसवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ही दुरुस्ती पहारीने तासाभरात होते.

सायकललाच जाणवणारे असे दोष बरेच आहेत. डांबराचे थरावर थर चढवल्याने चेंबरचं झाकण खोलात जातं. काँक्रीटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यात लांबलचक फट राहते. महामार्गावर डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर उतार पडतो, मागून ट्रक आला की सायकलस्वाराला त्यातच उतरावं लागतं. वाळू आणि बारीक खडी कायम डाव्या कडेला साचते, म्हणजे नेमकी जिथून सायकल जाते तिथे. हे सगळे देखभालीचे दोष आहेत. तक्रारीत 'खड्डा' न लिहिता दोषाचं वर्णन करा, कारण 'खड्डा आढळून आला नाही' असा शेरा मारून अर्ज निकाली काढता येतो.

१०. महापालिकेने सायकल ट्रॅक बांधलाच पाहिजे, असा आग्रह कायद्याने धरता येतो का?

थेट नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने गाड्यांऐवजी माणसांची ने-आण महत्त्वाची मानली आणि सायकलीला प्राधान्य दिलं, पण धोरण न्यायालयात कायद्यासारखं लागू करून घेता येत नाही. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं आखलं होतं. कागदावरच्या या जाळ्यातलं रस्त्यावर फारच थोडं उतरलं. पण मंजूर ठराव हे हत्यार आहे. तुमच्या रस्त्याचं काँक्रीटीकरण निघालं की आराखड्यात त्याची नोंद आहे का ते बघा, आणि निविदेत ट्रॅक का नाही असं लेखी विचारा.

नव्या आशेची एक जागा आहे. मोटार वाहन कायद्याची कलमं १३८ (१-अ) आणि २१०-ड राज्याला पादचारी, बिगरमोटार वाहनं आणि रस्त्यांचे दर्जे यांबाबत नियम करायचे अधिकार देतात. हे नियम सहा महिन्यांत करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना सांगितलं. मसुदा जाहीर होईल तेव्हा हरकती-सूचनांची मुदत थोडी असते, तयारीत राहा.

ट्रॅक कुठेही झाला तरी आपण टाळ्या वाजवाव्यात, असंही नाही. पवई तलावाकाठचा ट्रॅक मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून काढायला लावला, आणि मला तो निकाल योग्य वाटतो. कामावर जाणाऱ्याला ट्रॅक रस्त्यावर हवा असतो, पाणथळीत नाही.

११. ट्रॅक आहे, पण त्यावर गाड्या, टपऱ्या आणि मध्येच विजेची डीपी. मी मुख्य रस्त्यावरून सायकल चालवली तर माझी चूक धरतील का?

मुख्य रस्ता सायकलींना बंद केल्याची अधिसूचना किंवा फलक नसेल, तर तिथून चालवणं हा गुन्हा नाही. ट्रॅकवर मोटार वाहन नेणं मात्र वाहतूक नियमांचा भंग आहे. गाड्यांची तक्रार वाहतूक पोलिसांकडे, टपऱ्यांची अतिक्रमण विभागाकडे, डीपी आणि खांबांची पथ विभागाकडे करा. भारतीय रस्ते परिषदेचा सायकल ट्रॅकचा दस्तऐवज, आयआरसी ११, पहिल्यांदा १९६२ मध्ये निघाला आणि २०१५ मध्ये सुधारला गेला. जुन्या दस्तऐवजातही किमान रुंदी दोन मीटर होती. टेप घेऊन जा, मोजा आणि आकडा तक्रारीत लिहा.

१२. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकल का नेऊ देत नाहीत? मग तिथली जबाबदारी संपली का?

तिथे आणि वांद्रे–वरळी सागरी सेतूसारख्या काही मार्गांवर सायकलला अधिसूचनेने बंदी आहे. तिथे गेलात आणि अपघात झाला तर तुमचा दावा फार कमकुवत होतो. पण बंदी ज्या मार्गावर, त्याच मार्गापुरती असते. जुना मुंबई–पुणे रस्ता सायकलला खुला आहे, आणि तो नीट राखणं तितकंच बंधनकारक आहे. बंदीचा फलक दिसत नसेल आणि पोलिसांनी अडवलं, तर अधिसूचनेचा क्रमांक नम्रपणे विचारा.

१३. हेल्मेट नव्हतं, सायकलला दिवा नव्हता. भरपाई नाकारतील?

हेल्मेटसक्तीचं कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे, सायकलला ते लागू नाही. दिवा नसणं किंवा उलट्या दिशेने येणं मात्र तुमचा हलगर्जीपणा धरला जाऊ शकतो आणि भरपाई त्या प्रमाणात कमी होते. पूर्ण नाकारली जातेच असं नाही. पथदिवेच बंद होते का, तेही तपासा.

१४. आमच्या गावात मुली सायकलवर शाळेत जातात. रस्ता जिल्हा परिषदेचा, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. कुणाला सांगायचं?

मानव विकास कार्यक्रमात राज्य सरकार १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं. सायकल सरकारने दिली, तेव्हा त्या मुली रोज रस्त्यावर असणार हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. प्रश्न ७ मधला 'माहीत होतं का' हा निकष इथे पूर्ण भरतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, ग्रामसभेचा घ्या, आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला द्या. प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला. मागण्या नेमक्या ठेवा, जसं साइडपट्टी भरणं, झुडपं छाटणं, वळणावर आरसा. मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांसाठी आरटीओला आणि कारखान्याला वेगळं पत्र द्या, तेही गाळप सुरू होण्याआधी.

१५. झाड अंगावर पडलं तर महापालिका जबाबदार?

नेहमीच नाही. राजकोटमध्ये १९७५ साली कामावर निघालेल्या माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड पडून तो गेला, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाड धोकादायक असल्याचं आधी कळवलेलं असेल तर चित्र बदलतं. म्हणून वाळलेल्या, पोखरलेल्या झाडाचीही लेखी तक्रार करा.

१६. दिवाणी दावा लावायचा तर मुदत किती?

महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. १९४९ च्या कायद्यात हे कलम ४८७, मुंबईत कलम ५२७. राज्य शासनावर दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस. प्लास्टर निघेपर्यंत लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. नोटीस प्लास्टरमध्ये असतानाच द्या.

१७. माझी सायकल बॅटरीवर चालते. वरचं सगळं मला लागू होतं का?

मोटर ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि केंद्रीय नियमांतल्या बाकीच्या अटी पूर्ण असतील, तर ती मोटार वाहन धरली जात नाही आणि वरचं सगळं लागू होतं. किट बसवून ताकद वाढवली असेल तर ती नोंदणी आणि विमा लागणारं वाहन ठरू शकते, आणि अपघातानंतर समोरची बाजू पहिल्यांदा तेच तपासते. खरेदीची पावती आणि मोटरवरच्या प्लेटचा फोटो फोनमध्ये जपून ठेवा.